नखांचा अर्धा कोश

नोकरीच्या पहिल्या दिवशी काकाजी मला म्हणाले, "दाखव." मला वाटलं सर्टिफिकेटं मागून राहिले. मी बी.कॉम.ची फाईल उघडून पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली, माझे दोन्ही हात धरून उजेडात नेले आणि डोळ्याला भिंग लावून माझी बोटं तपासली. तेव्हा मी दातांनी नखं खायचो. बारावीला लागलेली सवय नोकरी लागेपर्यंत सुटली नव्हती आणि दहाही बोटांची पार वाट लागली होती.

"घरी जेवाले नाही देत काय तुले?" त्यांनी विचारलं. "मंग बोटं कावून खाऊन राहिला?"

अख्खं पॅकिंग शेड हसलं. मी ठरवून टाकलं की या म्हाताऱ्यापासून चार हात लांब राहायचं. पण त्यांच्या टेबलाला टेबल लावूनच मला बसवलं होतं, तेव्हा ते ठरवणं जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकलं नाही.

आमची फॅक्टरी भिलाईजवळ कुम्हारीला, खिळ्यांची. तारेचं भेंडोळं एका बाजूने मशीनमध्ये जातं आणि दुसऱ्या बाजूने खिळे पडतात. मग ते लाकडाच्या भुशासोबत मोठ्या पिंपात फिरवून चकचकीत करायचे, खोक्यांत भरायचे आणि ट्रकवर चढवायचे. काकाजींचं काम खिळे तपासण्याचं. टोक नीट आहे का, माथा मधोमध बसला आहे का, ते भिंगातून बघायचे. माझं काम कंप्युटरचं, म्हणजे चलान, ईमेल आणि खोक्यांवरची लेबलं. भिलाईत सेक्टर दहाला माझे बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, पोरगा एक्सपोर्टमध्ये आहे. मीही त्यांना कधी अडवलं नाही.

काकाजी तरुणपणी नागपूरला मेडिकलला होते. "दोन वर्षं मी मेडिकलले होतो," ते सांगायचे, "तिसऱ्या वर्षी मेडिकल माझ्याशिवाय चाललं." शरीरातल्या हाडांची, नसांची नावं पाठ करता करता त्यांना नावांचाच नाद लागला आणि हाडं राहून गेली. पुढे दुर्गला एका रद्दीच्या दुकानात त्यांना प्राचीन ग्रीकचा एक जाडजूड कोश दिसला. कुणा पाद्रीबाबांच्या घरची रद्दी होती. कोश अर्धाच होता. मधोमध फाटलेला, आणि हाती लागला तो मागचा भाग. पुढच्या भागाचं काय झालं म्हणून विचारलं तर रद्दीवाला म्हणाला, शेंगदाणेवाला घेऊन गेला.

त्यानंतर किती तरी वर्षं काकाजी दुर्ग स्टेशनबाहेर शेंगदाणे घ्यायचे, पुडी हलक्या हाताने उलगडायचे, कागद वाचायचे आणि शेंगदाणे बाजूच्या माणसाला द्यायचे. शेंगदाणे त्यांना पचत नव्हते. पुड्यांत कोणाच्या गणिताच्या वह्या निघाल्या, लग्नाच्या पत्रिका निघाल्या, ग्रीक काही निघालं नाही.

आता गंमत अशी, की त्या अर्ध्या कोशात नखाचा शब्द होता, पंजाचा होता, पण लोखंडी खिळ्याचा शब्द नव्हता. तो पुढच्या अर्ध्यात गेलेला. आयुष्यभर खिळ्यांच्या फॅक्टरीत नोकरी केलेला माणूस, ग्रीकांच्या नखांना काय काय म्हणतात ते सगळं त्याला ठाऊक, आणि ज्यावर पोट चालतं त्या खिळ्याला काय म्हणतात ते ठाऊक नाही. ही त्यांची खंत होती. घरच्या दुखण्याबद्दल बोलावं तसं ते तिच्याबद्दल बोलायचे.

"पाहून देऊ काय मोबाईलवर?" मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं. "एक सेकंदाचं काम आहे."

"हात लावू नको," ते म्हणाले. "तो मोबाईल इंग्रजीतून जाते. इंग्रजाले नखही नेल अन् खिळाही नेल. शब्दांची एवढी टंचाई त्या लोकायले. आपल्यात पाह, आई मुलाची नखं कापते अन् सुतार खिळा ठोकते. कोणी गडबड करते काय? ज्याचा शब्द त्याच्याच तोंडून घ्यायचा."

नखाचं मात्र त्यांच्याकडे भांडार होतं. नखाला ग्रीक म्हणायचे ओनुक्स. "विभक्ती लावली की त्याचं ओनुखोस होते. आता समोरचा ओ झाक. काय राहते? नुख. अन् आपलं काय? नख. सख्खे नाहीत, पण एका आजीची नातवंडं होत." माणसाचं नख ओनुक्स, गरुडाची नखी ओनुक्स, घोड्याचा खूरही कधी कधी ओनुक्स. सुगंधी धुपात घालतात तो शिंपल्याचा तुकडाही ओनुक्स, आणि आपल्या वैद्यांकडे त्याच तुकड्याला नखला म्हणतात. हे सांगताना ते टेबलावर बोट आपटायचे. "दोन मुलखांतल्या माणसायले एकच शिंपला पाहून नखच आठवलं. विचार करून पाह."

मी विचार करायचो तो हा, की साडेपाचची बस चुकणार.

आमचे सेठजी बोटात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सुलेमानी दगड घालायचे. एका ज्योतिष्याने दिलेला. काकाजींनी एकदा चारचौघांत त्यांना सांगितलं की या दगडालाही ग्रीकांनी ओनुक्सच म्हटलं. देवी झोपेत असताना कोणी तिची नखं कापली, ती खाली पडली, त्यांचे दगड झाले अशी एक गोष्ट आहे म्हणे. "तो आप किसी और का नाखून पहने हैं, सेठजी." सेठजींनी दोन दिवस अंगठी काढून ठेवली. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाईकाने माल परत पाठवला, तेव्हा पुन्हा घातली.

दुसरा त्यांचा लाडका शब्द खेले. खेकड्याची नांगी, शिकारी पक्ष्याचा पंजा, गाईचा दुभंगलेला खूर, आणि समुद्रात शिरलेला बंदराचा बांध, या सगळ्याला खेले. मी एकदा जरा हुशारी दाखवायला गेलो. म्हटलं, काकाजी, म्हणजे आपला खेकडा यावरूनच आला असणार. मला वाटलं पाठ थोपटतील. ते इतके रागावले की भिंग खाली ठेवलं. "कानाले सारखं लागलं म्हणून नातं होत नाही, बाबू. पुरावा पाहिजे. असं केलं तं मी अन् तो वॉचमनही भाऊच होऊ." वॉचमन छपरा गावचा, काकाजी यवतमाळचे. दोघांनाही टक्कल होतं. त्यानंतर मी व्युत्पत्तीच्या भानगडीत पडलो नाही.

मशीन खिळ्याचं टोक कापतं तेव्हा दोन्ही बाजूंनी बारीक कपटे उडतात. कामगार त्याला चुरा म्हणतात. काकाजी म्हणायचे, "हे खिळ्याचे ओनुक्स. जन्मतःच कापून टाकतात." त्यातले बरे बरे वेचून ते एका डबीत ठेवायचे. कामगारांनी त्यांचं नाव नाखून साहब पाडलं होतं. त्यात मीही सामील होतो. खरं सांगायचं तर ते नाव मीच पाडलं होतं.

अशात एक दिवस सेठजींच्या साडूने मुंबईहून एक ऑर्डर आणली. फळांच्या पेट्या बनवणाऱ्यांना आणि दुकानांना खिळे पुरवणारे कोणी व्यापारी होते. ऑर्डर ग्रीसची.

काकाजींना मीच बातमी दिली. त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा पुसलं. मग म्हणाले, "खोक्यावर त्यांच्या लिपीत नाव पाहिजे असेल?"

"हो. तसंच लिहिलं आहे मेलमध्ये."

"मंग त्यायलेच विचार. नीट पत्र लिहून विचारजो, बाबू. तुमच्यात खिळ्याले काय म्हणतात, ते आमाले कळवा. लिहिशील ना?"

लिहितो म्हणालो. एवढ्याशा गोष्टीसाठी परदेशी पार्टीला मेल टाकायचा म्हणजे आपलं अज्ञान उघडं करायचं, असं मला वाटलं. शिवाय खोकी छापणाऱ्याचे रोज फोन येऊन राहिले होते. मी मोबाईल काढला, इंग्रजीत खिळ्याचा शब्द टाकला, समोर ग्रीक अक्षरं आली, ती उचलली आणि प्रेसला पाठवली. एकच सेकंद लागला, मी आधी सांगितलं होतं तेवढाच.

खोकी छापून आली त्या दिवशी काकाजी सकाळीच ढिगाजवळ उभे होते. मला वाटलं खुश असतील. त्यांनी मला हाताने बोलावलं.

"हे कोणी कळवलं?"

"तिकडूनच आलं," मी ठोकून दिलं.

"न्यू, युप्सिलॉन, खी," त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवलं. "हे ओनुक्सच्या घरचं आहे, बाबू. पुढचा ओ झडला आहे, पण चेहरा तोच आहे. तू खोक्यावर नख लिहून राहिला. बोटाचं नख."

आता इथे मी शहाण्यासारखं वागायला हवं होतं. अर्धा तास थांबून एक मेल टाकला असता तर भागलं असतं. पण चार कामगार बघत होते आणि मी एक्सपोर्टमधला माणूस. मी म्हणालो, "काकाजी, तुमचा कोश तर अर्धाच आहे. मोबाईलमध्ये पूर्ण असते."

कामगार हसले. काकाजींनी मान हलवली, हो म्हटल्यासारखी. दुसऱ्या दिवशी ते तो कोश कापडात गुंडाळून दुर्गहून बसमध्ये घेऊन आले. एवढं ओझं, पान उघडून माझ्यासमोर धरलं. तेव्हा ट्रक भरणं सुरू होतं. मी म्हटलं, चहा झाल्यावर पाहतो. चहा झाला तेव्हा ट्रक निघाला होता.

पुढे जे व्हायचं ते झालं. तिकडून मेल आला, इंग्रजीत, फार सभ्य. माल उत्तम आहे, पण खोक्यांवर 'बोटांची नखं, तीन इंची' असं छापलं आहे आणि आमचे दुकानदार सध्या त्याचा आनंद घेत आहेत. सोबत एक फोटो होता. एका जाड्या दुकानदाराने आमच्या खोक्यावर दहाही बोटं पसरून ठेवली होती आणि त्याची बायको त्याला लाल नेलपॉलिश लावत होती.

सेठजींनी सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं. फोटो मोठा काढून आणला होता. "ये ग्रीक किसने लिखा?"

मला चांगलं आठवतं, मी तोंड उघडलं होतं. पण सेठजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते काकाजींकडे वळले. "पूरी फॅक्टरी में ग्रीक एक ही आदमी को आती है. आती है ना?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी पॉलिशच्या पिंपाकडे पाहत होतो, जणू ते आजच बसवलं होतं.

"जी," काकाजी सेठजींना म्हणाले. "ग्रीक मुझे आती है."

"तो अब घर पे आराम कीजिए. उमर भी हो गई."

ते टेबलावरून डबी आणि कोश घेऊन गेले. भिंग फॅक्टरीचं होतं, ते माझ्या ड्रॉवरमध्ये आलं. महिन्याभरात त्यांचं टेबलही माझ्याकडे आलं.

घरी मी ही गोष्ट वेगळ्या पद्धतीने सांगितली. काकाजी किती मोठ्या मनाचे, माझ्यासाठी सगळं अंगावर घेतलं, आजकाल अशी माणसं राहिली नाहीत वगैरे. सांगता सांगता माझे डोळेही भरून आले. आईने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग तू काय म्हटलं तेव्हा?" मी म्हटलं, आज भाजी छान झाली.

आठ-नऊ महिन्यांनी त्या व्यापाऱ्याने दुसरी ऑर्डर दिली आणि या वेळी न विचारताच शब्द लिहून पाठवला. खिळ्याचा शब्द, त्यांच्या अक्षरांत, कसा म्हणायचा ते इंग्रजीत देऊन. तो पाहिला आणि मला वाटलं, हा घेऊन गेलो की झालं. आपलं देणंघेणं मिटलं. रविवारी बाईक काढली आणि दुर्गला मोहन नगरात त्यांचं घर शोधून काढलं.

काकूंनी दार उघडलं, बसा म्हणाल्या, पोहे टाकायला आत गेल्या. काकाजी पलंगावर कोश घेऊन बसले होते. थोडे बारीक झाले होते. मी पाया पडलो आणि लगेच म्हणालो, "काकाजी, खिळ्याचा शब्द सापडला. त्यांनीच पाठवला, त्यांच्याच तोंडचा."

त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. लहान मुलं ठेवतात तसे, घट्ट.

"सांगू नको," ते म्हणाले.

"पण तुम्ही इतकी वर्षं..."

"तुझ्या तोंडून नाही पाहिजे."

त्यांनी हात खाली घेतले. मी म्हटलं, काकाजी, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी जे केलं, ते मी...

"तुझ्यासाठी?" ते खरोखरच चकित झाले. "तुझ्यासाठी काय केलं मी? सेठजीनं विचारलं ग्रीक येते काय, मी म्हटलं येते. खोटं बोलू काय? लिहिलं कोणी, ते तू सांगशील म्हणून थांबलो होतो. मी दारापर्यंत हळूहळू गेलो. गेटवरही थांबलो, वॉचमनशी बोलत. मले वाटलं पोरगं आता येईल, मंग येईल."

नऊ महिने मी ज्या उपकाराच्या गोष्टी सांगत फिरलो होतो, तो उपकार नव्हताच. एक माणूस गेटवर उभा राहून माझी वाट पाहत होता आणि मी आत पिंप पाहत होतो. मला इतकी लाज वाटली की काकूंनी आणून दिलेली पोह्यांची बशी हातात तशीच राहिली.

"मी उद्या सेठजींना सांगतो," मी म्हणालो.

"सांगण्याचं काही खरं नाही. लिहून दे."

त्यांनी वहीचा कागद फाडून दिला. मी मराठीत लिहिलं: काकाजी ग्रीक भाषेचे जाणकार असून खोक्यांवर खिळ्याऐवजी नख छापलं गेल्याचं त्यांनी ट्रक निघण्याआधी दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. त्यांनी भिंगाशिवाय, कागद लांब धरून वाचलं. "'जाणकार' काट. बरोबर वाचलं होतं, एवढंच लिही." मी काटलं. "तुझं नाव. हुद्दा. तारीख." मी घातली. "अन् शिक्का?"

"शिक्का फॅक्टरीत आहे, काकाजी. सेठजींच्या टेबलावर."

"मंग मारून आण," ते म्हणाले, आणि कागद मला परत दिला.

सोमवारी मी तो कागद घेऊन सेठजींपुढे उभा राहिलो. त्यांना मराठी वाचता येत नाही. "पढ़ो," म्हणाले. ते तेव्हा पॅकिंग शेडमध्येच उभे होते, मशीनं जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होती, आणि मला एकेक वाक्य मोठ्याने हिंदीत करून सांगावं लागलं. नखाला नाखून म्हटलं, खिळ्याला कील म्हटलं. या वेळी कुठे गडबड केली नाही. "गलती मेरी है" हे वाक्य तसं छोटंच आहे, पण म्हणायला फार वेळ लागला. कामगारांपैकी कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सेठजींनी कागद उलटापालटा करून पाहिला. "ये तो तुम अपने ही ख़िलाफ़ लिख के लाए हो."

"जी."

त्यांनी शिक्का मारला. म्हणाले, बुला लो उनको. मग माझ्याकडे एकदा पाहून म्हणाले, तुमसे बाद में बात करता हूँ. ती बात अजून व्हायची आहे आणि मी रोज तिची वाट पाहतो.

त्याच संध्याकाळी पुन्हा मोहन नगर गाठलं. सेठजींनी बोलावलं आहे, हे सांगितलं तर काकाजी म्हणाले, आता बसमध्ये उभं राहणं होत नाही. त्यांचं लक्ष कागदावर होतं. शिक्का पाहिला, त्याच्यावर फुंकर घातली, शाई हाताला लागते का ते बोटाने पाहिलं. दोनदा वाचला. घडी करून उशाखाली ठेवला. मग पलंगावर मांडी नीट घातली, चष्मा काढला आणि माझ्याकडे तोंड केलं.

"हं. आता सांग."

"कारफी," मी म्हणालो.

त्यांचे ओठ नुसते हलले. मग हळूच म्हणाले, "कारफी." आणखी एकदा म्हणाले. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मीही दुसरीकडे पाहिलं नाही, या वेळी तरी नाही.

आतून काकूंनी विचारलं, "काय झालं जी?"

"काही नाही," काकाजी म्हणाले. "खिळा सापडला."